अर्वीने रान घाण का ठेवलं

माझा थोरला भाऊ अर्वी बोलत नाही. मुका नाहीये, हे आधीच सांगून ठेवते, कारण बाहेरगावची माणसं हमखास विचारतात. बोलता येतं त्याला. पण शब्द म्हणजे काय फुकट वाटायची गोष्ट आहे का, असं त्याचं मत. उत्तरेकडच्या आमच्या कोर्पिवारा गावात तसे सगळेच पुरुष कमी बोलतात, पण अर्वी म्हणजे कहर. त्याच्या लग्नात पाद्र्याने "हिला बायको म्हणून स्वीकारतोस का?" विचारलं, तर ह्याने मान हलवली. पाद्री थांबला. ह्याने पुन्हा मान हलवली, जरा जोरात. शेवटी हिल्काने त्याला कोपर मारलं, तेव्हा कुठे "हं" बाहेर पडलं. त्या एका "हं"वर दोघांचा संसार झाला, आणि झाला तो झकास झाला. हिल्का दोघांच्या वाटचं बोलायची.

मी साइमी. रस्त्याला पेट्रोलपंप आहे ना, तिथलं कॉफीचं दुकान माझं. आमच्या घराण्याला जेवढं बोलणं नेमून दिलं होतं, त्यातलं अर्वीने उचललंच नाही, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. मला काही सांगितलं की दुपारच्या कॉफीपर्यंत ते तळ्याच्या पलीकडे पोचतं. मला त्याची लाज वाटत नाही. कोणीतरी बोलायला हवंच ना, नाहीतर गाव आहे की दफनभूमी, तेच कळायचं नाही.

आमच्याकडे माणसाची पारख दोन गोष्टींवरून होते. एक, त्याच्या लाकडांची रास. दोन, त्याचं रान. अर्वीची रास अशी, की वरून पट्टी फिरवावी. आणि रान तर काय विचारता! खाली पडलेली फांदी नाही, वाळलेलं खोड नाही, वेडंवाकडं झुडूप नाही. उभं वाळलेलं झाड दिसलं की त्याच्या अंगाला खाज सुटायची. त्याच्या रानाला लागून ओइवा तोलोनेनचं रान. तोही त्याच जातीचा. दोघं रविवारी स्कीवरून आपापल्या हद्दीने जायचे, एकमेकांच्या रानाकडे चोरून बघायचे आणि दुसऱ्याचं एखादं वाळकं झुडूप सापडलं तर आठवडाभर खुशीत असायचे. बोलणं काही नाही. चाळीस वर्षांची मैत्री ती अशी.

मग हिल्का गेली. थंडीच्या सुरुवातीलाच गेली. दफनाच्या कॉफीला सगळे बसले होते, आता अर्वी दोन शब्द बोलेल म्हणून कप खाली ठेवून वाट बघत होते. अर्वी उठला, सगळ्यांकडे बघितलं, आणि बसला. मीच उठून काहीबाही बोलले.

त्याच हिवाळ्यात बर्फ असं पडलं की झाडांच्या माना मोडल्या. दलदलीच्या कडेची अर्वीची स्प्रूसची सूचीपर्णी झाडं शेंड्यापासून मोडली, पुढच्या उन्हाळ्यात पिवळी पडली आणि सालीखाली भुंगेरे शिरले. त्याच्या पुढच्या मार्चमध्ये अर्वी मशीन करवत घेऊन स्कीवरून निघाला. गावाने हुश्श केलं. संध्याकाळी अर्वी परत आला. झाडं उभीच.

दुसऱ्या दिवशी गेला. झाडं उभीच. तिसऱ्या दिवशी करवत घरी ठेवून, बसायचं लाकडी स्टूल काखेत मारून गेला. आणि मग रोज. बर्फ वितळलं, दलदलीत बेडूक ओरडायला लागले, तरी झाडं उभी आणि अर्वी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलेला. ओइवाने हद्दीवरून बघितलं. हद्दीवरून बघितलं म्हणजे गावाने बघितलं, फक्त बोललं कोणी नाही.

मला मात्र राहवेना. मी दुकानाला कुलूप लावलं, रबरी बूट चढवले आणि गेले त्याच्या मागे.

"काय रे, भूतबाधा झाली का तुला?" मी म्हटलं.

अर्वीने ओठावर बोट ठेवलं. मी गप्प राहिले, म्हणजे मला जेवढं राहता येतं तेवढी. समोरच्या खोडावर, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, एक सुतारपक्षी बसला होता. हात लांब केला असता तर काठीने ढोसता आला असता. आम्हाला बघून उडेल, निदान खोडाच्या मागे जाईल, तर छे! आपला साल सोलतोय. एक टोचा डावीकडून, एक उजवीकडून, की सालीचा पापुद्रा खाली. खाली सालींचा हा ढीग.

"कबरा सुतार," मी म्हटलं. "पाखरांसाठी मी चरबीचा गोळा टांगते ना, त्यावर दहा येतात हिवाळ्यात. ह्यासाठी बसलायस होय?"

माझ्या भावाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाद्र्याला दुधवाला म्हटलं. "लाल कुठाय?" तो म्हणाला.

मी बघितलं. खरंच की, लाल कुठेच नव्हतं. कबऱ्याच्या शेपटीखाली हे एवढं भडक लाल असतं, खांद्यावर पांढरे मोठे ठिपके असतात. ह्याचं तोंड काळं, त्यावर पांढऱ्या रेघा, पाठीवरून खाली पांढरा पट्टा, आणि डोक्यावर एक पिवळा डाग. अंड्याचा बलक सांडल्यासारखा.

"पाय बघ," अर्वी म्हणाला.

"काय बघू पायात?"

"बोटं मोज."

मोजली. तीनच. मी म्हटलं, "बिचाऱ्याचं एक करवतीत गेलं का?" तर अर्वी हसला. हिल्का गेल्यापासून पहिल्यांदा हसला, म्हणून मी पुढचं बोलणं गिळलं. "जातच तशी," तो म्हणाला. "तीनबोट्या. उत्तरेच्या जुन्या रानातला. वाळलेली स्प्रूस लागते त्याला. माझ्या रानात कधी आला नव्हता. येईल कसा? मी ठेवलंय का काही?"

एवढी सगळी वाक्यं! मी मोजायची सोडली. फिरत्या ग्रंथालयाच्या बसमधून पक्ष्यांचं पुस्तक आणलं होतं म्हणे. ज्या दिवशी करवत घेऊन गेला, त्या दिवशी हा पठ्ठ्या ह्याच झाडावर कामाला लागला होता. काम करणाऱ्याला मधेच उठवायचं नाही, हा अर्वीचा नियम. म्हणून करवत खाली ठेवून तो थांबला, की ह्याचं आटपेल मग आपण सुरू करू. पक्ष्याचं आटपेना. दोन हट्टी, एक झाडावर, एक झाडाखाली. अंधार पडायच्या सुमारास अर्वी हरून घरी आला.

मग त्याने मला एकेक दाखवलं. जिवंत स्प्रूसच्या खोडाभोवती पट्टीने आखल्यासारख्या भोकांच्या ओळी: त्यातून वसंतात चीक येतो, तो हा पितो. बाई वेगळी, तिच्या डोक्यावर पिवळं नाही, नुसते पांढरे-काळे ठिपके. ती वर बारीक झाडांवर काम करते, हा खाली जाड खोडांवर. ढोल वाजवतो तो सुद्धा वेगळा. कबरा म्हणजे कोणीतरी घाईत दार ठोठावून पळून गेल्यासारखा. हा सावकाश, भक्कम, लांबलचक वाजवतो आणि शेवटी थोडी घाई करतो. आणि त्या मधल्या शेंडा मोडलेल्या स्प्रूसमध्ये दोघं मिळून भोक पाडत होती, घरट्यासाठी.

"रात्री अंड्यांवर बाप बसतो," अर्वी म्हणाला. "पुस्तकात आहे."

मग एकदम त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "साइमी. कोणाला बोलायचं नाही."

"का?"

"अर्वी पिराइनेन पाखरासाठी रान घाण ठेवतो. हसतील."

"हसू दे की!"

"बोललीस तर जुहान्नुसला माझ्या सौनात यायचं नाही."

आता जुहान्नुस म्हणजे आमचा उन्हाळ्यातला मोठा सण, आणि अर्वीचा सौना म्हणजे गावातलं सगळ्यात चांगलं वाफेचं न्हाणीघर, तळ्याच्या काठावरचं, धुराचं. आणि खरं सांगायचं तर सौनासाठी नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं होतं. मी शब्द दिला. आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

कारण मी बोलले नाही. मी! दुकानात ओइवा यायचा, कॉफी घ्यायचा, ढवळत बसायचा.

"साइमी."

"काय?"

"काही नाही."

अर्धा कप झाल्यावर, "अर्वीची करवत बिघडलीय का?"

"चांगलीय."

"मग ठीक."

दुसरा कप. "पाठ दुखते का त्याची?"

"मला काय माहीत?" असं म्हणून मी फडकं घेऊन एक स्वच्छ टेबल पुन्हा पुसायला घेतलं. ओइवाचा कप हवेतच राहिला. ज्या बाईला गावात कोणाच्या गायीला कधी वासरू होणार तेही माहीत असतं, तिला सख्ख्या भावाचं माहीत नाही? तो न बोलता उठला, पैसे ठेवले आणि थेट केर्ट्टूकडे गेला. केर्ट्टू पूर्वी नर्स होती. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून रस्त्याच्या पलीकडून माणसाचं दुखणं ओळखते, निदान तिला तसं वाटतं.

"साइमी गप्प आहे?" केर्ट्टू म्हणाली म्हणे. "म्हणजे गंभीर आहे. उन्हाळा काढेल की नाही शंकाच."

आता आजारी माणसाला तब्येत विचारायची, हे आमच्याकडे बसत नाही. ते उद्धटपणाचं. आम्ही विचारत नाही, आम्ही नेऊन ठेवतो. अर्वीच्या पायरीवर सकाळी बादलीभर मासे. कोणी ठेवले ते कळायला मार्ग नाही. दुसऱ्या दिवशी बटाटा भरलेल्या चांदक्या, फडक्यात गुंडाळून. मग भाजलेलं चीज, दलदलीतल्या ढगबेरीच्या फळांचा मुरंबा, एकदा तर राय धान्याची आख्खी भाकरी आणि वर लोणी. अर्वीला वाटलं, यंदा लोकांकडे सगळंच जास्त झालंय. वाया कशाला जाऊ द्यायचं म्हणून तो खात सुटला. हिल्का गेल्यापासून कोरडा ब्रेड खाणारा माणूस तो, महिन्याभरात गालफडं भरली, शर्टाची बटणं ताणली.

केर्ट्टूने त्याला चर्चच्या वाटेवर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सूज आलीय," ती म्हणाली. "आता हृदयावर गेलं."

हे सगळं माझ्यासमोर घडत होतं. बोलू की नको? रात्री उशी तोंडावर दाबून मी सगळं उशीला सांगायचे.

जून लागला. भोकातल्या पिल्लांचा आवाज सुरू झाला. मी जाऊन ऐकून आले. चीं चीं चीं, घड्याळाला किल्ली देऊन ठेवल्यासारखा, थांबतच नाही. अर्वी स्टुलावर, तोंडाभोवती डासांचा ढग, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मला भडभडून आलं. पिल्लं उडायला अजून थोडेच दिवस होते.

आणि जुहान्नुसच्या आधीच्या शनिवारी सकाळी माझ्या दुकानासमोरून ट्रॅक्टर गेला. त्यामागे दुसरा. मागे गाड्या, गाड्यांत करवती, कुऱ्हाडी, पेट्रोलचे कॅन, आणि केर्ट्टूच्या मांडीवर वाटाण्याच्या सूपचं हे एवढं पातेलं. ओइवाने काच खाली केली.

"इर्जिक आहे," तो म्हणाला. "अर्वीचं रान साफ करून देतो. त्याला सांगू नकोस, लाजेल. सणाला तरी रान स्वच्छ बघू दे." आणि मग, माझ्याकडे न बघता, "शेवटचं."

काच वर गेली. माझ्या हातातला कॉफीचा थर्मास खाली पडला. ती झाडं पाडली की घरटं, पिल्लं, सगळं जमिनीवर. आणि त्यासोबत माझा भाऊही, हे मला त्याच क्षणी कळलं. सायकल काढली आणि दलदलीतल्या फळ्यांच्या वाटेने अशी हाणली, की माझ्या वयाच्या बाईने हाणू नये. मी पोचले तेव्हा ते रानात शिरतच होते.

"अर्वी!" मी धापा टाकत म्हटलं. "ते झाडं कापायला आलेत. तू सांगतोस की मी सांगू?"

अर्वी उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "थांब," तो म्हणाला. मी थांबले. डोक्यावरचा रुमाल तोंडात धरला आणि थांबले.

ओइवा पुढे आला. मागे सगळं गाव, हातमोजे घालून. "अर्वी, तू बस," तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात, जसं तो फक्त घोड्यांशी बोलतो. "आम्ही उरकतो."

"नको," अर्वी म्हणाला.

आता इथे आमच्याकडची एक गोची आहे. कॉफी विचारली की माणूस पहिल्यांदा नको म्हणतो. दुसऱ्यांदाही नको म्हणतो. तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणतो. पहिल्या दोन नकोंना काही अर्थच नसतो, ती रीत असते.

"लाजायचं काय त्यात?" ओइवा म्हणाला.

"नको, ओइवा."

"झालं तर मग," असं म्हणून ओइवाने मधल्या स्प्रूसपाशी जाऊन करवतीची दोरी ओढली. करवत गुरगुरली. भोकातला आवाज एकदम बंद झाला. अर्वी चालत गेला आणि खोडाला पाठ लावून, हात पसरून उभा राहिला. करवतीचं पातं त्याच्या बेंबीसमोर. केर्ट्टू किंचाळली. ओइवाने करवत बंद केली.

"अरे मेल्या!" तो म्हणाला. "मरायचंय का तुला आत्ताच?"

"आत घर आहे," अर्वी म्हणाला.

"कोणाचं?"

"सुताराचं."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. केर्ट्टूने हळूच आपल्या डोक्याकडे बोट दाखवलं: तिथेही गेलं वाटतं. ओइवा म्हणाला, "कबऱ्याचं? अरे, रान भरलंय कबऱ्यांनी. माझ्या शेडच्या फळ्या फोडल्यात त्यांनी. कबऱ्यासाठी तू—"

"कबरा नाहीये तो!"

अर्वी ओरडला. खरंच ओरडला. पलीकडे दलदलीतून दोन बदकं उडाली. त्याच्या आयुष्यातला पहिला ओरडा असावा, कारण स्वतःच दचकला. पण तोंड उघडलं होतं, आता ते मिटेना. "लाल आहे का त्याला कुठे? कबऱ्याला लाल असतं. ह्याला पिवळी टोपी असते, नराला. पाठीवर पांढरा पट्टा. बोटं तीन. भोकं पाडतो ती ओळीत पाडतो. भुंगेरे खातो, माझ्या रानातले, आणि ओइवा, तुझ्यासुद्धा रानातले, फुकट! त्याला वाळलेलं झाड लागतं आणि आपण सगळ्यांनी मिळून एक ठेवलं नाही. एक! म्हणून मी ठेवलं. रान घाण ठेवलं. हसायचं तर हसा. पण पिल्लं उडेपर्यंत ह्या झाडाला हात लावला तर आधी मला कापावं लागेल."

कोणी हसलं नाही. दफनाच्या दिवशी जे बोलणं ऐकायला हे लोक कप खाली ठेवून बसले होते, ते आज निघालं होतं, आणि निघालं ते सुतारपक्ष्यावर. डास चावत होते, तरी कोणी हात हलवला नाही. आतून एक चीं आलं. मग दुसरं. मग सगळी सुरू झाली. आणि शेजारच्या झाडावर टक्‌ करून तो येऊन बसला. चोचीत अळ्या, डोक्यावर पिवळं. एवढी माणसं, ट्रॅक्टर, करवती, त्याला काय त्याचं! अर्वीच्या डोक्यावरून उडत भोकाच्या तोंडाशी गेला, पोरांना भरवलं, आणि शांतपणे आपल्या कामाला गेला.

"पिवळी टोपी आहे खरी," ओइवा पुटपुटला.

केर्ट्टूने सूपचं पातेलं खाली ठेवलं. "म्हणजे तू आजारी नाहीस?" ती जवळजवळ रागावून म्हणाली.

"मी? नाही."

"मग ती सूज?"

"मासे," अर्वी म्हणाला. "कोणीतरी रोज मासे ठेवतं."

ओइवा लाल झाला. मान खाली घालून तो करवतीची साखळी तपासत बसला, जणू तिला काही झालं होतं. बाकीचे पातेल्याकडे वळले, कारण इर्जिकीला आलेला माणूस उपाशी परत जात नाही, काम असो वा नसो. वाडगे वाटले गेले. सगळे कुजबुजत होते, पिल्लं घाबरू नयेत म्हणून. मी तोंडातला रुमाल काढला, आणि देवाशप्पथ, मला बोलायला काही सुचेना.

ओइवा मात्र उठला आणि अर्वीसमोर जाऊन उभा राहिला. चाळीस वर्षांत त्याने अर्वीला एकदाही तब्येत विचारली नसेल. त्याने बुटाने शेवाळ उकरलं.

"अर्वी. बरा आहेस ना तू?"

अर्वीने त्या भोकाकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "घरात कोणी बोलत नाही रे. इथे आलं की आत कोणीतरी असतं. पण ही आठवड्याभरात उडून जातील."

"सांगायचंस की."

"विचारलं कोणी?"

ओइवाने टोपी काढली, आतून पुसली, परत घातली.

"मग संध्याकाळी येतो मी," तो म्हणाला. "कॉफीला."

"नको," अर्वी म्हणाला.

ओइवा जागचा हलला नाही. "येतो म्हटलं."

"नको, उगाच त्रास."

"अर्वी, मी येतोय."

"बरं," अर्वी म्हणाला. "रोज ये."